पाऊस झाला की गाडी दम धरत नाही: बाहेरचा एअर इनटेक बसवलेल्या गाड्यांसाठी

रात्री दणकून पाऊस झाला आणि सकाळी गाडी चालू केली, तर आयडलिंगला आरपीएमचा काटा वर-खाली होत राहतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी ठीक चालते. तिसऱ्याला पाय दाबला की मिसिंग केल्यासारखी अडखळते आणि मग एकदम सुटते. डिझेल असेल तर मागून काळा धूर येतो. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. स्कॅनर लावला तर पी०१०१, पी०१०२, पी०११३ असे हवेच्या सेन्सरांचे कोड दिसतात, पेट्रोल गाडीला पी०१७१ (इंधनाच्या मानाने हवा जास्त) दिसतो. इनटेकचा एरवी मोकळा येणारा आवाज दबलेला वाटतो, अ‍ॅव्हरेज पडतं. सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे दोन दिवस कडक ऊन पडलं की गाडी आपोआप सुधारते, आणि पुढचा पाऊस आला की पुन्हा तेच सुरू.

कंपनीचा मूळ एअर बॉक्स, म्हणजे इंजिनाची हवा गाळणारा डबा, काढून बाजारातला बाहेरचा इनटेक, म्हणजे हवेचा लांब पाइप आणि बंपरमागे खाली शंकूच्या आकाराचा फिल्टर, बसवलेला असेल आणि वरची दोन-तीन लक्षणं जुळत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. लातुरात माझ्याकडे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत अशा गाड्या येतच राहतात. येताना बहुतेकांनी सेन्सरवर पैसे घालवलेले असतात आणि खरा दोष चाकामागच्या चिखलात असतो.

एक लक्षण मात्र या यादीत धरू नका. पाण्यातून जाताना इंजिन एकदम बंद पडलं आणि नंतर सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नाही, नुसता ‘टक’ आवाज येतो, तर पुढची एकही तपासणी स्वतः करू नका. दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. चावी काढा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पाणी कुठून येतं

कंपनीच्या मूळ इनटेकचं तोंड बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या पुढच्या काठाखाली, रेडिएटरच्या वर असतं. तिथून हवा वळणं घेत बॉक्समध्ये जाते, थेंब वळणावर अडतात, बॉक्सच्या तळाला छोटं भोक असतं त्यातून पाणी खाली गळून जातं. थंड हवा मिळावी म्हणून बाहेरचा लांब इनटेक हे तोंड खाली आणतो, फॉग लॅम्पच्या मागे, पुढच्या चाकाच्या अगदी समोर. हवा थंड मिळते हे खरं. पण चाक जे काही उडवेल ते त्याच जागी येतं.

वरून पडणाऱ्या पावसाला घाबरण्याचं कारण नाही. भर पावसात तासभर महामार्गावर गाडी चालवली तरी फिल्टर धड असेल, फाटलेला नसेल, तर इंजिनात पाणी शिरत नाही. थोडे थेंब फिल्टरवर बसतात आणि गरम झाल्यावर उडून जातात. त्रास होतो तो चाकाने उडवलेल्या गढूळ पाण्याने, आणि धोका असतो तो साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडण्याने. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याने गाडी अडखळते, दुसऱ्याने इंजिन जातं.

आपल्याकडे पहिला प्रश्न जास्त वाईट आहे, कारण आपली काळी माती. ती पाण्यात अगदी बारीक होऊन मिसळते, फिल्टरच्या प्रत्येक घडीत शिरते आणि वाळली की शेणाने सारवल्यासारखा थर धरते. नुसत्या पाण्याने ओला झालेला फिल्टर सुकून पुन्हा चालतो. काळ्या मातीचा थर बसलेला फिल्टर सुकला तरी हवा सोडत नाही, आणि पुढच्या पावसात तोच थर पुन्हा ओला होऊन पाणी धरून ठेवतो. दर पावसाला त्रास परत येतो तो यामुळे.

दुसऱ्या प्रश्नाचा हिशोब एकदा मांडून बघा. १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. एका सिलिंडरचे होतात ३१२ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची सिलिंडरमधली जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट, तो १७ धरला तर पिस्टन पूर्ण वर गेल्यावर वर उरणारी जागा साधारण साडेएकोणीस मिलिलिटर, म्हणजे घरातले चार छोटे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एका सिलिंडरमध्ये चार चमचे पाणी गेलं की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही, आणि फिरत्या इंजिनाचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर येतो. रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेवढ्याच सिलिंडरच्या ११ रेशोच्या पेट्रोल इंजिनात हीच जागा साधारण तीस मिलिलिटर असते, म्हणून डिझेलवाल्यांनी जास्त जपायचं.

आधी टेप घ्या आणि उंची मोजा

याला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत होतं. गाडी सपाट जागी उभी करा, जमिनीपासून फिल्टरच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंत अंतर मोजा. मग तेच अंतर पुढच्या चाकावर धरून बघा. १७५/६५ आर १४ टायरच्या हॅचबॅकला चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम २९ सेंटीमीटरवर येतो. लांब इनटेकचा फिल्टर बऱ्याचदा याच्या आसपास किंवा खाली लटकलेला सापडतो.

ही तपासणी पहिली, कारण पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर ठरतात. फिल्टर चाकाच्या मध्याच्या खाली असेल तर अर्धं चाक बुडेल एवढं पाणी तुमच्यासाठी बंद. उभ्या पाण्याची पातळी मोजून भागत नाही. गाडी पाण्यात शिरली की बंपरपुढे लाट उभी राहते, आणि समोरून एसटी किंवा ऊसाचा ट्रॅक्टर आला तर ती लाट वीतभर आणखी चढते. फिल्टरच्या तळापेक्षा वीतभर खाली तुमची मर्यादा धरा.

एसयूव्हीवाल्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. थारची पाण्यात चालण्याची खोली ६५० मिलिमीटर सांगितली जाते, ती मूळ इनटेक जागेवर असताना. इनटेकचं तोंड खाली आणलं की तो आकडा तुमच्या गाडीचा राहत नाही.

फिल्टर काढून हाताने बघा

बंपरचा खालचा भाग किंवा चाकामागचं लायनर सोडवलं की फिल्टर हाताला लागतो. क्लॅम्प सैल करून बाहेर काढा. बाहेरून ओला आहे, आतून कोरडा आहे, तर इंजिनाचं काही बिघडलेलं नाही. आतून ओला असेल तर पाइपात बोट फिरवा. बोटाला पाणी लागलं किंवा पाइपाच्या तळाशी वाळलेल्या गाळाची रेघ दिसली, तर पाणी फिल्टर ओलांडून पुढे गेलेलं आहे. अशा वेळी गाडी चालू न करता पाइप थ्रॉटलपर्यंत (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून पुसून घ्या.

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असलेली गाडी असेल तर इथे अजून एक गोष्ट बघावी लागते. टर्बोच्या पुढे गेलेलं पाणी इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या तळाशी साचतं. गाडी चालू होते, गावातून नीट फिरते, आणि महामार्गावर पाय दाबला की टर्बोच्या दाबाच्या जोराने साचलेलं पाणी एका दमात इंजिनात जातं. ‘पाण्यातून तर परवा गेलो होतो, आज का इंजिन गेलं’ याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. पाइपात पाणी लागलं आणि गाडी टर्बो असेल तर इंटरकूलरचा खालचा पाइप सोडवून रिकामा केल्याशिवाय गाडी हलवू नका. ते स्वतः जमत नसेल तर मेकॅनिकला जागेवर बोलवा.

फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं कापड फिरवून तेही बघा. कापडावर बारीक काळी धूळ आली तर फिल्टर फाटलाय किंवा त्याचं तोंड क्लॅम्पमध्ये नीट बसलेलं नाही. या धुळीने पिस्टन रिंग झिजतात. पाण्याचा फटका लगेच दिसतो, धुळीचा दोन वर्षांनी इंजिन ऑइल खायला लागल्यावर दिसतो.

लायनर आणि क्लिपा

मला वाटतं या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. मडगार्डच्या आत चाकाभोवती काळ्या प्लास्टिकचं लायनर असतं. लांब इनटेक बसवताना पाइपाला जागा करायला बसवणारे ते कापतात, किंवा काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत. दोन क्लिपा कमी असल्या तरी वेगात लायनर आत दबतं आणि चाकाला फिल्टर उघडा सापडतो.

औसा तालुक्यातला एक पोरगा डिझेल सेडान घेऊन आला होता. आल्या आल्या म्हणाला, “सेन्सर नवा टाकला की ओ काका, तरी बी गाडी दम धरना.” मी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितलं आणि डाव्या चाकामागे टॉर्च मारला. लायनरचा पुढचा तुकडाच नव्हता. फिल्टरच्या चाकाकडच्या बाजूला घड्या दिसतच नव्हत्या, सपाट काळा थर होता आणि त्यात गवताची काडी रुतलेली होती. बंपरकडची बाजू मात्र लाल, जवळजवळ नवी. हवा अर्ध्याच फिल्टरमधून जात होती. नवा सेन्सर बिचारा बरोबरच माप देत होता.

लायनरचा तुकडा स्पेअर पार्टच्या दुकानात किंवा जुन्या बाजारात मिळतो, क्लिपा दहा-वीस रुपयांच्या असतात. पाइपासाठी लायनर कापावं लागलंच असेल तर भोकाच्या कडेला रबर बीडिंग लावा आणि उरलेली फट बंद करा. इंजिनखालचं अंडरकव्हर काढून ठेवलं असेल तर तेही परत लावा. खालून येणारा फवारा तेच अडवतं.

वॉशिंग सेंटर

गावाकडच्या रस्त्याने चिखल लागला की आपण गाडी रॅम्पवर चढवतो. पोरगं प्रेशरचा पाइप घेऊन चाकामागे, बंपरखाली जोर लावून मारतं. पावसाने जे पाणी फिल्टरपर्यंत पोचत नाही ते या जेटने सरळ आत जातं, आणि तेही दाबाने. गाडी धुतल्यानंतरच अडखळायला लागली असेल तर पावसाला दोष देऊ नका. रॅम्पवर चढवण्याआधी फिल्टर कुठे आहे ते बोटाने दाखवा, तिथे जेट मारू नको म्हणून सांगा, आणि इंजिन बंद असू द्या. बॉनेट उघडून आत प्रेशरने धुवायला तर देऊच नका.

निथळायचं भोक

मूळ बॉक्स ठेवून आत फक्त चपटा कापडी फिल्टर टाकला असेल, किंवा तुमच्या इनटेकला अर्धा बंद डबा असेल, तर त्याच्या तळाला निथळायचं भोक आहे का बघा. काळ्या मातीने ते बुजतं. पाणी जाऊ नये म्हणून काही जण त्यावर टेप लावतात, मग आत आलेलं पाणी आतच राहतं. तारेने मोकळं करा, झालं.

एक सावधगिरी मात्र हवीच. भोक फिल्टरच्या आधीच्या भागात असतं. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपाला ‘पाणी निघून जाईल’ म्हणून ड्रिल मारून घेऊ नका. त्या भोकातून न गाळलेली हवा, धूळ आणि पाणी तिन्ही आत जातात.

फिल्टर धुणं आणि वाळवणं

आधी तुमचा फिल्टर कोणत्या जातीचा ते ओळखा. कापडाच्या थरांचा तेल लावायचा असतो, बिनतेलाचा सिंथेटिक असतो, आणि चपटा कागदी असतो. कागदी भिजला की टाकून द्या, तो वाळून पूर्वीसारखा होत नाही.

तेलाचा फिल्टर त्याच्या क्लीनरने भिजवायचा, दहा मिनिटं ठेवायचा आणि नळाच्या साध्या धारेने आतून बाहेर धुवायचा. बाहेरून आत धार मारली तर माती घड्यांच्या तळाशी जाऊन बसते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, हीट गन लावू नका, उन्हात तापवू नका. सावलीत उभा ठेवून वाळू द्या. आपल्याकडे भर श्रावणात दिवसभरातही नीट वाळत नाही, म्हणून ज्यांची गाडी रोज लागते त्यांनी एक जादा फिल्टर घेऊन ठेवावा. अर्धवट ओला फिल्टर बसवला तर धुण्याचा काही फायदा नाही. ओल्या कापडावर तेल धरत नाही आणि जिथे तेल नाही तिथून बारीक धूळ सुटते.

तेल लावताना हात आखडता ठेवा. प्रत्येक घडीवरून एकदा हलकी रेघ, वीस मिनिटं थांबा, जिथे फिकट दिसेल तिथे थोडं आणखी. जास्त लावल्याने पाणी अडत नाही. जादा तेल हवेबरोबर सुटून सेन्सरवर बसतं. बिनतेलाच्या फिल्टरला तेल अजिबात लावू नका, त्याच्या जाळीची छिद्रं बुजतात.

फिल्टर स्वच्छ, कोरडा करून बसवला आणि लायनर जागेवर आलं की बऱ्याच गाड्या इथेच बऱ्या होतात. पुढचं करायचं ते तरीही त्रास राहिला तर.

सेन्सर

बहुतेक डिझेलमध्ये आणि काही पेट्रोलमध्ये हवा मोजणारा मॅफ सेन्सर इनटेकच्या पाइपातच असतो. त्यात एक तापवलेली तार किंवा पातळ पट्टी असते. हवा तिला थंड करते, आणि ती तापलेली ठेवायला किती करंट लागला त्यावरून हवा मोजली जाते. तारेवर पाण्याचा थेंब पडला की ती जास्त थंड होते, कॉम्प्युटरला वाटतं खूप हवा आली. मग माप चुकतं आणि गाडी झटके खाते. तेलाचा किंवा मातीचा थर बसला तर उलट होतं. तार झाकली जाते, हवा कमी मोजली जाते आणि पिकअप जातो. मारुतीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांना तेलाचा त्रास कमी होतो, पण हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि त्याचा कनेक्टर तिथेही भिजतो. पी०११३ तिथून येतो.

इग्निशन बंद करा, इंजिन गार होऊ द्या, सेन्सर काढा. मॅफ क्लीनर म्हणूनच मिळणारा स्प्रे लांबून मारा. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल, कान साफ करायची काडी यातलं काहीही वापरू नका. तार केसाहून नाजूक असते आणि प्लास्टिकवर कार्ब क्लीनरचा थर राहतो. पंधरा-वीस मिनिटं आपोआप वाळू द्या. कनेक्टरच्या पिना हिरव्या झाल्यात का, आतलं रबर जागेवर आहे का तेही बघा. रबर निसटलेलं असेल तर सेन्सर कितीही नवा टाका, पुढच्या पावसात कोड परत येणारच.

सेन्सर बदलण्याआधी एक चाचणी जरूर करा. मूळ एअर बॉक्स आणि कोरडा कागदी फिल्टर परत बसवा आणि एक पाऊस गाडी तशीच चालवा. त्रास गेला तर दोष इनटेकचाच. त्रास तसाच राहिला तर इनटेकला सोडा आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलंय का, प्लगला ठिणगी देणारी कॉइल भिजतेय का ते बघा. काचेखालच्या जाळीतून गळणारं पाणी थेट तिथे पडतं आणि लक्षणं जवळजवळ सारखीच असतात. स्कॅनरवर पी०३०० च्या घरातले मिसफायरचे कोड आले तर शंका तिकडेच घ्या.

जोड आणि ब्रीदर

पाइपाचे सिलिकॉनचे जोड हाताने हलवून बघा. खडबडीत रस्त्यावर क्लॅम्प सैल होतात. मॅफच्या पुढे जोड सैल असेल तर न मोजलेली हवा आत जाते आणि पेट्रोल गाडीला पी०१७१ येतो. स्वस्तातल्या किटचे क्लॅम्प गंजतात, ते स्टेनलेसचे घ्या.

ब्रीदरच्या नळीकडे मात्र थांबून लक्ष द्या. टॅपेट कव्हरमधून (इंजिनाचं वरचं झाकण) इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ही नळी मूळ पाइपाला जोडलेली असते. बाहेरच्या किटमध्ये तिला जागा नसली की काही जण तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावून खाली सोडून देतात. तो छोटा फिल्टर पाण्यात गेला तर पाणी थेट इंजिन ऑइलमध्ये जातं. डिपस्टिक ओढून बघा. ऑइल दुधाळ, फिकट झालेलं असेल तर गाडी चालू करू नका.

पुढचा पाऊस येण्याआधी

पाणी झटकणाऱ्या कापडाची टोपी फिल्टरवर चढवायला मिळते. चाकाचा फवारा आणि बरीचशी माती ती अडवते, काढून धुता येते, आणि माझ्या मते प्रत्येक खालच्या फिल्टरवर ती हवीच. पण बुडाल्यावर तिचा उपयोग शून्य. टोपी आहे म्हणून पाण्यात गाडी घालणाऱ्यांचं नुकसान सगळ्यात मोठं होतं. घरच्या घरी प्लास्टिकची पिशवी किंवा रेनकोटचं कापड मात्र गुंडाळू नका. हवा कोंडते, आणि ओढीने कापड फिल्टरला चिकटून बसतं.

पत्र्याचा आडोसा चांगला काम करतो. ॲल्युमिनियमचा पत्रा चाकाकडून आणि खालून वळवून बंपरच्या आतल्या पट्टीला बोल्टने बसवायचा, फिल्टरपासून दीड-दोन इंच लांब, मागची आणि वरची बाजू उघडी. कुठलाही बॉडीवाला करून देतो. त्याला फक्त हवा कुठून येणार ते नीट समजावून सांगा, नाहीतर तो प्रेमाने चारही बाजू बंद करून टाकतो.

बायपास व्हॉल्व्ह म्हणून एक जोड मिळतो. फिल्टर बुडून ओढ वाढली की तो वरून हवा घेतो. तो फिल्टरपेक्षा बराच वर बसवावा लागतो, आणि टर्बो गाडीला लावायचा नसतो. आपल्याकडच्या डिझेल गाड्या बहुतेक टर्बोच, म्हणजे त्यांना तो चालतच नाही.

अनेक लांब किटमध्ये पाइप दोन तुकड्यांचा असतो. खालचा तुकडा काढून फिल्टर थेट इंजिनजवळ वर बसवता येतो. हवा थोडी गरम मिळते, पण फिल्टर पाण्यापासून दूर जातो.

मी स्वतः मात्र माझ्याकडच्या प्रत्येकाला एकच सांगतो: मृग लागला की मूळ बॉक्स बसवा आणि हस्त संपून रस्ते वाळल्यावर किट परत चढवा. मराठवाड्यात पाऊस पुष्कळदा शेवटी शेवटी घात करतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जुलै कोरडा गेला म्हणून बॉक्स बसवायचा कंटाळा करू नका. किट बसवून घेताना मूळ बॉक्स, त्याचे रबर आणि क्लिपा दुकानात सोडून येऊ नका.

रस्त्यावर दोन जागा लक्षात ठेवा. एक म्हणजे गावाकडचे नळकांडी पूल. ओढ्याला वरच्या अंगाला पाऊस झाला की इथे थेंब नसतानाही पुलावरून पाणी येतं, आणि पाण्याखाली पुलाची कड उरलीय की वाहून गेलीय ते दिसत नाही. तिथे इनटेकचा विचारसुद्धा करू नका, गाडी थांबवा, माणसं वाचवा. दुसरी जागा रेल्वेखालचे भुयारी मार्ग. वरून वाटतं टाचाएवढं पाणी आहे, मध्ये उतरल्यावर बॉनेटला लागतं. कुणी पायी किंवा मोटारसायकलवर पार होताना दिसेपर्यंत थांबा, नाहीतर वळसा घ्या.

इथे हात काढून घ्या

पाण्यात इंजिन बंद पडलं, सेल्फवर फिरत नाही, ऑइल दुधाळ झालंय, चालू झाल्यावर ठकठक येतेय, किंवा पांढरा धूर थांबतच नाही. यातलं एकही असेल तर पुढचं काम जाणत्या मेकॅनिकचं आहे. ढकलून चालू करायचा प्रयत्न करू नका, गिअरमध्ये ओढून तर मुळीच नाही. सेल्फने जो रॉड कदाचित वाचला असता तो ढकलण्याने वाकतो. न्यूट्रलला टोचन करा. ऑटोमॅटिक असेल तर गाडी पूर्ण उचलून नेणारं वाहनच मागवा. जमलं तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा.

मेकॅनिकने काय करायला हवं हेही माहीत असू द्या, म्हणजे कुणी घाईने सेल्फ मारायला लागला तर तुम्हाला अडवता येईल. आधी इनटेक आणि इंटरकूलर रिकामा करायचा. मग पेट्रोलचे सगळे प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढायचे. क्रँक पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, अडलं तर तिथेच थांबायचं. मोकळं फिरलं तरच प्लग बाहेर ठेवून, इंधन बंद करून सेल्फने पाणी बाहेर काढायचं. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा, आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी आलं तर रॉड वाकल्याची शंका धरून कॅमेऱ्याने आत बघायला सांगा. थोडा वाकलेला रॉड काही महिने चालतो आणि मग वेगात असताना तुटतो, म्हणून ‘चालू झाली ना, न्या आता’ यावर समाधान मानू नका.

गाडी गॅरेजला पोचण्याआधी विमा कंपनीला कळवा. नेहमीच्या पॉलिसीत पाण्याने इंजिन अडकल्याचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते. आणि बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारला असं दिसलं तर त्यावरूनही क्लेम अडतो. बाहेरचा इनटेक बसवल्याचं आधी कळवलेलं नसेल तर तोही मुद्दा निघतो, म्हणून ते पॉलिसी घेतानाच कळवून ठेवावं. गाडी जिथे बंद पडली तिथल्या पाण्याच्या पातळीचे फोटो काढा, ओला फिल्टर फेकू नका, आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत इंजिन उघडू देऊ नका.